शंभरातले तीन कण

चाचणी केंद्रातल्या लांब टेबलावर तीन कॅमेरे मांडून ठेवले होते आणि त्यांतला एकच निवडायचा होता. फोनमध्ये कॅमेरा बसवायला कायद्याने बंदी आली, त्याला सहा वर्षं झाली होती. वेगळा कॅमेरा साध्या नोकरदार घराला परवडत नव्हता. कित्येक घरांत मुलं मोठी होत होती आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. म्हणून नागपूरच्या या केंद्राकडे काम आलं होतं : घरच्यांसाठी, खिशाला झेपेल असा एक कॅमेरा सुचवा.

काम सुमेधा गजभियेकडे होतं. मिक्सरपासून रक्तदाब मोजायच्या यंत्रापर्यंत नाना उपकरणं तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. पहिला कॅमेरा उत्तम होता, पण महाग. दुसरा स्वस्त होता, पण घरातल्या दिव्याच्या उजेडात त्यात माणसं चिखलातून काढल्यासारखी दिसत. तिसरा सगळ्यांत स्वस्त, आणि तरीही त्याचे फोटो पहिल्याइतके स्वच्छ. हे काही तिला पटेना. तिने तो बनवणाऱ्या डॉ. कुंदा लोखंडे यांनाच बोलावून घेतलं.

"मॅडम, याचं भिंग नखाएवढं आहे. एवढा प्रकाश आत येतो कुठून?"

"येतच नाही," कुंदाताई म्हणाल्या. "महाग कॅमेरा शंभर प्रकाशकण टिपतो, तिथे हा तीन टिपतो. बाकीचे सत्त्याण्णव तो अंदाजाने भरतो. हा अनुमानक कॅमेरा आहे."

"अंदाज कशाचा?"

"तुमच्या घराचा. पहिले चाळीस दिवस गृहपरिचयाचे. तेव्हा तो एकेक फोटो सावकाश, तीस-तीस वेळा काढतो आणि घरातले चेहरे शिकून घेतो. त्यानंतर प्रत्येक नवा फोटो आधीच्या फोटोवरून सुरू करतो. आलेले तीन कण आदल्या फोटोच्या कणांशी जुळले, तर अंदाजच खरा धरतो. एखाद्या जागी मोठी तफावत आली, तर मात्र सगळे कण तिथे लावतो आणि तेवढा भाग खराखुरा पाहतो."

"आणि तफावत अगदी थोडी असली तर?"

"ती प्रकाशाची थरथर समजून सोडून देतो. नाहीतर प्रत्येक फोटोत दाणेदार खरखर येईल."

सुमेधाने चाचणी कडक घेतली. केंद्रातल्या शिपायाच्या गालावर काळा तीळ चिकटवला, त्याला चष्मा घातला, दुसऱ्या दिवशी त्याची मिशी काढायला लावली. कॅमेऱ्याने प्रत्येक वेळी बदल अचूक पकडला. तिने त्याला दहापैकी नऊ गुण दिले आणि अहवालात लिहिलं, 'कौटुंबिक वापरास सर्वथा योग्य.' वर्षभरात तो चाळीस हजार घरांत गेला. एक तिच्याही घरी आला.

घरात तिघंच. सुमेधा, आयटीआयमध्ये लेथ शिकवणारा तिचा नवरा धनपाल, आणि नववीतली संघमित्रा, म्हणजे मित्रा. कॅमेरा मित्राच्याच ताब्यात असे. तीन वर्षं तिने जेवतानाचे, भांडतानाचे, दुपारी पेंगणाऱ्या बापाचे फोटो काढले.

मग धनपालच्या हातून वस्तू पडायला लागल्या. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्याला दिसायचा नाही. वर्गात दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडेना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉ. वासनिक वयस्कर होते. त्यांनी धनपालचे हात उलटेसुलटे करून पाहिले, जबड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मागच्या तीन-चार वर्षांतले फोटो आहेत का घरी?"

"फोटो कशाला?" सुमेधाने विचारलं.

"मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की मोठ्या माणसाचीही हाडं वाढायला लागतात. भुवया, नाक, जबडा, हात-पाय. पण इतकं हळू, की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. जुने फोटो ओळीने लावले की कधी सुरू झालं ते दिसतं. गाठ किती जुनी, यावर पुढचं अवलंबून आहे."

दुसऱ्या दिवशी सुमेधाने महिन्याला एक असे छत्तीस फोटो डॉक्टरांच्या टेबलावर ओळीने मांडले. त्यांनी पहिला पाहिला, शेवटचा पाहिला, मग समोर बसलेल्या धनपालकडे पाहिलं.

"हे फोटो कुणाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

सुमेधाने फोटोकडे पाहिलं. छत्तीसही ठिकाणी तोच माणूस, चिंचोळ्या हनुवटीचा, सरळ नाकाचा. मग तिने शेजारी पाहिलं. खुर्चीत दुसराच कुणी बसला होता. कपाळ डोळ्यांवर पुढे आलेलं, नाक रुंद, खालचा जबडा वरच्याच्या पुढे. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही. तिने फोटो गोळा केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि पाकिटात भरले.

शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ निघाली. पण त्या गाठीने डोळ्यांच्या नसा फार दिवस दाबून धरल्या होत्या. पट्टी सुटल्यावर धनपालला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. "दीड वर्ष आधी आला असतात तर नजर वाचली असती," डॉ. वासनिक म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. सुमेधाने मान हलवली आणि औषधं कधी द्यायची ते विचारलं.

त्यानंतरचे दोन महिने तिने सगळं केलं. गोळ्या, रजेचे अर्ज, पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला बांधलेली दोरी. शेजारणी म्हणायच्या, सुमेधाताई खंबीर आहेत. ती खंबीर नव्हती. हाताला सुन्न करणारं इंजेक्शन दिलं की बोट कापलेलं दिसतं पण दुखत नाही, तसं तिचं झालं होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगे, "आम्हाला कुणालाच कळलं नाही. कॅमेऱ्यानेसुद्धा फसवलं."

एके दुपारी ती कॅमेरा घेऊन कुंदाताईंच्या प्रयोगशाळेत गेली.

"माझी चाचणी चुकली," ती बसता बसता म्हणाली. "मी तीळ चिकटवला, मिशी काढली. सगळे एकदम होणारे बदल. सावकाश होणारा बदल मी तपासलाच नाही."

कुंदाताईंना सगळं सांगावं लागलं नाही. "आदल्या दिवसाशी तफावत रोज थरथरीइतकीच," त्या हळू म्हणाल्या, "म्हणून सोडून दिलेली. आणि चित्राची सुरुवात पुन्हा त्याच जुन्या चेहऱ्यावरून. तुमच्या मिस्टरांना त्याने गृहपरिचयानंतर पाहिलंच नाही म्हणायचं."

"खरा प्रकाश कुठे साठवलेला असेल का? त्यांचा एखादा तरी खरा फोटो?"

"नाही. कण दुसऱ्या दिवशी पुसले जातात, फक्त तफावत-नोंद राहते. कुठल्या फोटोत कुठला भाग त्याने खरा पाहिला, तेवढी." त्यांनी कॅमेरा यंत्राला जोडला. पडद्यावर तीन वर्षांचे फोटो करड्या चौकटी होऊन सरकू लागले. अंदाजाचा भाग करडा आणि खरा पाहिलेला भाग पांढरा. मित्राने केस कापले तो दिवस पांढरा, नवा पडदा पांढरा, सुमेधाच्या कपाळावरची खोक पांढरी. धनपालचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत करडा.

एका चौकटीवर कुंदाताईंचा हात थांबला. "हे वेगळं आहे. इथे त्याने सगळे कण एकाच चेहऱ्यावर लावलेत. जखम नाही, चष्मा नाही. नुसता चेहरा. असा चेहरा त्याला अंदाजताच आला नाही."

चेहरा सुमेधाचा होता. तारीख एकवीस महिन्यांपूर्वीची.

कुंदाताईंनी मूळ फोटो उघडला. धनपालच्या वाढदिवसाची संध्याकाळ. त्याच्यासाठी आणलेले बूट पायात शिरत नव्हते म्हणून तो हसत वर पाहत होता, हसरा, चिंचोळ्या हनुवटीचा. समोर सुमेधा उभी होती आणि त्याच्याकडे पाहत होती. घरात अनोळखी माणूस शिरलेला दिसावा, तशी.

सुमेधाला ती संध्याकाळ आठवली. विसरली नव्हतीच ती. त्याने मान वर केली आणि क्षणभर तिला वाटलं, हा कोण? मग मित्राने "बघ आई, बाबा कसे आलेत," म्हणत कॅमेरा पुढे केला. फोटोत धनपाल होता तसाच होता. तिला बरं वाटलं. डोळ्यांना थकवा आलाय, असं मनाशी म्हणून ती दुकानात बूट बदलून आणायला गेली. एक नंबर मोठे.

"चाळीस हजार घरांना कळवावं लागेल," ती म्हणाली. "दर सहा महिन्यांनी गृहपरिचय पुन्हा करा म्हणून. माझे नऊ गुण मी मागे घेते. अहवाल आज लिहिते." तिचा आवाज सरळ होता. कुंदाताई तिच्या हाताला हात लावणार होत्या, पण लावला नाही.

घरी आली तेव्हा धनपाल गॅलरीत खुर्चीवर उन्हाकडे तोंड करून बसला होता. पावलांवरून त्याने ओळखलं. "काय म्हणाल्या मॅडम? सापडला का माझा खरा फोटो?"

"नाही. माझा सापडला."

ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. वाढदिवस, बूट, तो क्षण. काही गाळलं नाही. तो ऐकत राहिला.

"म्हणजे तुला दिसलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"फोटोत पाहिलं. फोटोत तू नेहमीसारखाच होतास."

धनपालने उन्हाकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग आवाज न चढवता, एखादी साधीच गोष्ट विचारावी तसं त्याने विचारलं,

"पण मी समोरच बसलो होतो ना गं?"