शर्वाणीचा बर्फ आणि पित्ताची वाट

ताप लपवण्यात शर्वाणीचा नफा एकच होता: शनिवारी खो-खोचा अंतिम सामना खेळायला मिळणार. तोटा तिने मांडलाच नव्हता. दहाव्या वर्षी तो कोण मांडतं? चाळिशीतलेही मांडत नाहीत.

तिचं यकृत जन्मापासून आजारी, म्हणून घरचा यंत्रमानव ठकसेन रोज सकाळी जिभेखाली ताप मोजायचा. दोन दिवस ती आधी बर्फ चघळून येत होती. तिसऱ्या दिवशी ठकसेन म्हणाला, "तोंड कुल्फीच्या मटक्यासारखं गार, कपाळ तव्यासारखं गरम आणि डोळे पिवळे. यातलं खरं कोण बोलतंय?"

आजोबा निवृत्त शल्यविशारद (शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर). त्यांनी तिची पापणी ओढून पाहिली.

"मॅच झाल्यावर सांगणार होते," ती पुटपुटली.

"यकृताला विचारलं होतंस का, तोवर थांबशील का म्हणून?" आजोबा म्हणाले.

दवाखान्यात शिरेतून औषध सुरू झालं.

"डोळे पिवळे का झाले, आजोबा?"

"यकृत पित्त (चरबी पचवायला मदत करणारा रस) बनवतं. ते आतड्यात नेणारी तुझी पित्तनलिका जन्मतःच बंद होती. डॉक्टरांनी तुझ्याच आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडला. वाट झाली, पण त्याच वाटेने आतड्यातले जंतू उलटे वर चढतात. पित्त वाहतं राहिलं, तर त्यांना धुऊन काढतं."

ठकसेनने भिंतीवर तिच्या पोटाच्या तपासणीचं चित्र उमटवलं. जोडलेलं आतडं बागेतल्या रबरी नळीसारखं एका जागी मुरडलं होतं.

"इथे पित्त तुंबलं, जंतू माजले," आजोबा म्हणाले. "तुंबलेलं पित्त रक्तात उतरलं, म्हणून डोळे पिवळे. वर्षात तिसऱ्यांदा झालंय. ताप उतरला की मुरड सोडवावी लागेल."

"आधी सांगितलं असतं तर?"

"शस्त्रक्रिया टळली नसती. पण जंतूंना दोन दिवस फुकटचं जेवण मिळालं नसतं. ते जेवून गेले की यकृतावर व्रण राहतात."

आठवड्याने सुईएवढ्या यांत्रिक हातांनी मुरड सुटली. डोळे हळूहळू पांढरे झाले. जंतूंना अडवणारी झडप पेशींपासून वाढवायचे प्रयोग चालू आहेत, हे ऐकल्यापासून शर्वाणी ठकसेनला रोज त्याचीच बातमी विचारते. ताप मोजताना जीभ मात्र न सांगता वर करते.

सामना संघाने तिच्यावाचूनच जिंकला. हे तिला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. बर्फ तिने खाल्ला. भरपाई केली यकृताने, ज्याला खो-खो म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.