आबांना मोटार येईपर्यंत

गोठ्यात कुणी नाही असं झुंबरला वाटलं होतं. म्हणून ती नव्या मोटारीच्या दिव्यापुढे वाकली, त्यात आपलं पसरट झालेलं तोंड पाहिलं आणि स्वतःलाच जीभ काढून दाखवली. तेवढ्यात पुढच्या काचेमागून एक डोकं वर आलं. कपाळावर वंगणाचा पट्टा, आणि हसू दाबण्याची केविलवाणी धडपड.

"मोटारीनं काही केलं का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"आमनी मोटार शे," झुंबर म्हणाली. "मी काय बी करसू." आणि पळाली. ओसरीपर्यंत पोचली तरी कानांच्या पाळ्या गरमच होत्या.

हा पितांबर, धुळ्याच्या मोटार एजंटाचा माणूस. ही गोष्ट एकोणतीस सालची. मोटार घेणाऱ्याला ती चालवता येतेच असं तेव्हा नव्हतं, म्हणून एजंटाने मोटारीबरोबर पितांबरलाही धाडलं होतं. मालकाच्या घरी राहायचं, तिथंच जेवायचं, आणि मालकाचा हात बसला की निघायचं, असा ठराव.

मालक म्हणजे झुंबरचे वडील रुपचंद पाटील, एरंडोलजवळच्या गावातले कापसाचे मोठे शेतकरी, गावाचे आबा. मोटार कोणती घ्यावी यावर त्यांच्या ओट्यावर अख्खी दिवाळी वाद रंगला होता. शेजारचे लोटन नाना चार सिलिंडरवाले. सहा सिलिंडर म्हणजे नसते दोन बैल दावणीला बांधून वैरण घालत बसणं, असं त्यांचं म्हणणं. चढण लागली की त्याच दोन बैलांची आठवण येईल, असं आबांचं उत्तर. इंजिनाच्या पोटात काय असतं ते दोघांनीही पाहिलेलं नव्हतं, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. शेवटी सहा सिलिंडर आले.

रोज सकाळी पद्मालयाच्या गणपतीपर्यंत शिकवणी चाले. भाऊ धड परत यावा म्हणून आबांची बहीण भिकुबाई मागे जीव मुठीत धरून बसे, आणि आत्याला उतरायला हात लागतो म्हणून झुंबर. थंडीतला कोवळा उजेड, बोरीबाभळींना अडकलेला गाड्यांवरचा कापूस, आणि पुढे पितांबरचा समजुतीचा आवाज... आबा, खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबा, मधे इंजिनाला जरा बोलू द्या. आबा एकदाच दाबत. मग मोटार अशी किंचाळे की रानातले मोर उडत.

एकदा तर नाल्याच्या उतारावर मोटार सुटली आणि आबांनी चाळीस वर्षांच्या सवयीने चाक दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं आणि "हो, हो" करत बसले. मोटार काही बैल नव्हती. पितांबरने हातब्रेक खेचेपर्यंत ती निंबा पाटलाच्या तुरीत शिरली होती. गाव पोट धरधरून हसलं. फक्त झुंबर मनातून सुखावली. अजून बरेच दिवस लागणार होते.

तेव्हापासून गणपतीची पंचाईत झाली. आत्या रोज मागायची, भावाला लवकर मोटार येऊ दे. शेजारी हात जोडून झुंबर मागायची, येऊच देऊ नको. घरात तिच्या लग्नाचं बोलणं निघालं होतं, अमळनेरकडून स्थळं येत होती, आणि तिला मात्र पितांबर जायचा दिवस तेवढा दिसे.

देवळाखाली तो रेडिएटरमध्ये पाणी ओतत असताना एकदा ती सहज बोलून गेली, "चढनीवर आबासले गिअर टाकाले उशीर व्हयी गया."

पितांबरचा हात थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"कान शेतस माले."

"आबांऐवजी तुम्हालाच शिकवलं असतं, तर केव्हाच मोकळा झालो असतो मी."

"म्हनीसन तर मी शिकत नही," झुंबर म्हणाली... आणि आपण काय बोललो ते कळून लगबगीने पायऱ्या चढली. मागे पाणी रेडिएटरबाहेर सांडत राहिलं.

देवाने अखेर आत्याचंच ऐकलं. पौषातल्या एका सकाळी आबांनी पद्मालयाची चढण अशी घेतली की गिअर बदलल्याचं कुणाला समजलंही नाही. आत्याने डोळे पुसले. डोळे झुंबरनेही पुसले, आणि आत्याला वाटलं, पोरीला बापाचं केवढं कौतुक.

त्या संध्याकाळी आबा खुशीत होते. गावाने मला मोटार चालवताना पाहिलं, म्हणाले, आता ऐटीत मागे बसलेलंही पाहू दे. "पितांबर, तू आठेच ऱ्हाय. मोटार तू चालाव, मी मांगे बठसू." दाराआड झुंबर ऐकत होती. असा जवळचा रस्ता तिला सुचलाच नव्हता. आणि पितांबर मान खाली घालून म्हणाला, मला जमणार नाही. आबांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाहीच म्हणाला. झुंबर त्या रात्री जेवली नाही.

सकाळी आबा त्याला स्टेशनावर सोडायला निघाले. भाकरीचं गाठोडं द्यायला आत्याने तिलाच गोठ्यात पाठवलं. तिने ते त्याच्याकडे न बघताच पुढे केलं.

"आठलं जेवन गोड नही लागनं का?"

"लागलं... फार लागलं."

"मंग?"

पितांबरने गाठोडं घेतलं, पण हात मागे घेतला नाही. तोही धुळ्याकडच्या पाटलांचाच मुलगा, शहरात बोली झाकून ठेवायला शिकला होता. आज ती झाकली नाही.

"झुंबर... आठे नोकर ऱ्हायनू, तर तू रोज दिसशी. पन नोकरना बाप मालकनी पोर मांगाले कसा येई?"

झुंबरने मान वर केली. रात्रभर ती ज्या नकारावर रडली होती, त्याचा अर्थ तिला आत्ता कळत होता. तो भराभर सांगत होता... भाऊ आणि तो मिळून लॉरी घेणार आहेत, कापूस वाहायची. ती रस्त्यावर आली की, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, वडील आबांकडे येतील. आखाजीला अजून तीन-चार महिने होते आणि तोवर अमळनेरवाले गप्प बसणार नव्हते. तिने ते सांगितलं, आणि आबांना आपण नाही म्हणू, हेही सांगितलं.

"तू थांबशी?"

तिने मान डोलावली. बाहेर आबांनी भोंगा दाबला, मग जरा जोरात दाबला. पितांबरने पिशवी उचलली, आणि दारात पोचून पुन्हा वळला. लॉरी आली की तीच घेऊन दारात येईन, असं काहीसं तो सांगू लागला...

"लॉरी ऱ्हाऊ द्या," झुंबर म्हणाली. "पायी या. पन या."