हसरा शॉट राहिला

लाईट गेली तशी तालमीच्या कट्ट्यावरची पोरं उठायला लागली. बाळासोंनी त्यांना दामटून खाली बसवलं. म्हाताऱ्याची सगळी उमर सिनेमाच्या युनिटात लाईट लावण्यात गेलेली.

"भुताचं पिक्चर बघून दात काढताय व्हय रे? मग आमच्या शाहबाजचं ऐका. खोटं वाटलं तर शेवटी दाखवतो," ते म्हणाले आणि सांगायला लागले.

शाहबाज शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत कामाला. सुट्टीला तो मुरगूडला गौसमामूंकडं यायचा. मामूंचा जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा. मार्गशीर्ष अमावस्येची आदली संध्याकाळ होती. मामू म्हणाले, "दाजीपूरच्या रस्त्याला रानात कसलं तरी शूटिंग हाय. त्यांचा जनरेटर मरायला टेकलाय म्हणं. एवढा पोचवून ये की." शाहबाजनं टेम्पो काढला. मुदाळतिट्ट्याला थांबून चहा घेतला, गरम वडा खाल्ला. मजेत होता गडी.

दोन वर्षांपूर्वी त्याच रानात त्याचा जिवलग दोस्त ऋतुराज यानं भुताचा सिनेमा काढला होता. कॅमेरा उसना, डबे घरचे. रानात मारून पुरलेल्या माणसाचं काम शाहबाजनं केस लांब वाढवून केलं. ऐन थंडीत उघड्या अंगानं खड्ड्यात पडून राहिला, तोंडावर तांबडी माती घेऊन. दोस्तासाठी पडला. सिनेमा मोबाईलवर तुफान चालला.

आता आमच्या लाईनीतला एक रिवाज आहे. मेलेल्याचं काम करणाऱ्याला उठवून कॅमेऱ्यासमोर हसवायचं, तेवढं टिपायचं, मगच पॅकअप. म्हणजे मरण तिथंच राहतं आणि माणूस घरी जातो. त्या रात्री नेमकं डिझेल संपलं. ऋतुराज म्हणाला, "चल रे, भुका लागल्यात. हसायचं दुसऱ्या भागात घेऊ की!" त्यावर सगळेच हसले, शाहबाजसुद्धा. पण कॅमेरा बंद होता.

दुसऱ्या भागाच्या आशेवर शाहबाजनं पुन्हा केस वाढवले, फोरमनची बोलणी खाल्ली. दिवाळीत ऋतुराजचा फोन आला, "भाग दोन बंद पडला, भावा." शाहबाजनं केस कापले. त्या दिवशी तो जेवला नाही.

तर टेम्पो रानात वळला. झाडांत उजेड दिसला. जुना जनरेटर धापा टाकत होता. एका पोराच्या हातातल्या पाटीवर सिनेमाचं तेच नाव. खाली लिहिलेलं, भाग दोन.

शाहबाज टेम्पोतनं खाली उतरला.

"शाहबाज, रेडी?" ऋतुराजचा आवाज.

त्यानं तोंड उघडलं...

"व्हय."

उत्तर खड्ड्यातनं आलं. त्याच्याच आवाजात.

चहा वाटणारी वर्षाराणी त्याच्याकडं बघून थबकली. मग तिनं खड्ड्याकडं बघितलं. किटली तिथंच ठेवून ती गाडीत जाऊन बसली. खड्ड्यात लांब केसांचा शाहबाज झोपला होता. अंगावर तांबडी माती.

ऋतुराजनं त्याला बाजूला ओढलं. "हळू बोल."

"कोण हाय त्यो?"

"दिवाळीत जागा बघायला आलतो. तवा हितंच बसलेला. मला वाटलं तूच..."

"मी न्हाय हे कळल्यावर?"

ऋतुराजनं नजर खड्ड्याकडं वळवली.

"म्हणून फोन केलास व्हय? बंद पडलं म्हणून?"

"तुला रजा मिळायची न्हाय, तुझी रडगाणी... ह्यो दिवस बुडाला की येतोय. खात न्हाय, पीत न्हाय, कितीदाबी घ्या, कुरकुरत न्हाय."

दोस्तानं त्याला सोडून त्याचं मढं निवडलं होतं. भुतापेक्षा ते जास्त लागलं त्याला. डोळे भरून आले.

"ऋतुराज..." खड्ड्यातनं आवाज आला. "माझं हसायचं राहिलंय."

 शाहबाजला कळलं, दोन वर्षांपूर्वी राहिलेलं हसू मागतंय ते.

"ते माझं हाय! कॅमेरा माझ्याकडं फिरव. एकदा हसतो, म्हंजी हे मिटंल."

"मिटंल... आणि पिक्चरचा शेवट?"

"तुझ्या पाया पडतो, भावा."

ऋतुराजनं त्याच्याकडं बघितलं. मान खाली घातली. कॅमेरा खड्ड्याकडं वळवला.

"ॲक्शन."

ते हसलं.

जनरेटर बंद पडला. अंधार. बॅटरी लावली तेव्हा खड्डा रिकामा होता.

बाळासो थांबले.

"मग शाहबाजला काय झालं?" एका पोरानं विचारलं.

"काय न्हाय. कामावर जातोय. लगीन झालं त्याचं सबिनासंगं. भाग दोनबी चालला. शेवटी त्यो हसतोय, लोक टाळ्या वाजवत्यात." त्यांनी मोबाईल काढला. "ह्यो लग्नातला फोटो. मीच काढलाय. काढताना असा खदाखदा हसत हुता गडी, की टोपी पडली डोक्यावरची."

पोरं वाकली. फोटोत सबिना हसत होती. गौसमामू हसत होते. मधे शाहबाज बसलेला. डोळे मिटलेले. बंद ओठांवर तांबडी माती.