बशीतली निळी पुडी

त्या सकाळी जहाजावरच्या जेवणघरात एकाही टेबलावर साखर नव्हती.

आदल्या दिवसापर्यंत प्रत्येक टेबलाच्या मधोमध एक चौकोनी चिनीमातीचं भांडं असायचं आणि त्यात रंगीबेरंगी पुड्या उभ्या खोचलेल्या. पांढरी साखर, तपकिरी साखर, आणि ज्यांना साखर वर्ज्य त्यांच्यासाठी निळ्या, गुलाबी, हिरव्या पुड्या. आज सगळी भांडी गायब. जहाजावर पोटाची साथ आली होती. आता प्रवाशांनी कशालाही आपण होऊन हात लावायचा नाही, चहा-कॉफीतली साखरसुद्धा कर्मचारीच घालून, ढवळून देतील, असं स्पीकरवरून कुणीतरी सारखं बजावत होतं.

ती कॉफीच्या काउंटरपुढच्या रांगेत उभी होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मोठमोठ्या काचांवरून तिरका वाहत होता. जहाज डुललं की सगळी रांग एकदम डावीकडे कलायची आणि मग सगळे एकमेकांना सॉरी म्हणायचे. नेमका तिचा नंबर आला आणि जहाज जरा जास्तच कललं. काउंटरची कड धरायला म्हणून तिने हात टाकला, तो पडला कॉफीवाल्याच्या मनगटावर.

“धरून ठेवा,” तो म्हणाला. “कशालाही हात लावू नका असा हुकूम आहे, पण माझ्याबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही.”

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मागच्या आजीबाई खुदकन हसल्या.

“दोन कॉफी,” ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. “माझी काळी, बिनसाखरेची. दुसरी बाबांची, तिच्यात निळी पुडी. त्यांना साखर अजिबात द्यायची नाही. स्वतः येऊन मागितली तरी नाही.”

“रडून मागितली तर?”

“रडत नाहीत ते. लाडीगोडी लावतात. ते जास्त वाईट.”

त्याने मान डोलावली, बाबांच्या कपात निळी पुडी रिकामी केली आणि तिची खात्री पटावी म्हणून रिकामा कागद बशीत ठेवला. मग तिच्या काळ्या कॉफीकडे बघत म्हणाला, “आणि तुम्हाला... किती?”

“सांगितलं ना, एकही नाही.”

“विचारायचं माझं काम आहे,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटत होता. हे आपल्या लक्षात का यावं, याचा तिला रागच आला.

बाबा बेकरीवाले. उभा जन्म भट्टीपुढे गेला, केकवर साखरेची फुलं काढण्यात गेला, आणि उतारवयात डॉक्टरांनी साखरच बंद केली. त्या दिवसापासून तिनेही सोडली. आई गेल्यावर घरात दोघंच होती. बेकरी तिने अंगावर घेतली आणि बाबांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. फ्रीजच्या मागे लपवलेली बिस्किटं काय, उशीच्या खोळीतल्या गोळ्या काय, तिने सगळं शोधून काढलं. बाबा तिला प्रेमाने ‘जेलर’ म्हणायचे. अलीकडे बाबा वाळले होते खरे, पण पथ्याने माणूस वाळतोच, असं तीच सगळ्यांना सांगायची. आणि मग एक दिवस बाबांनी एकाएकी हट्ट धरला, की मला समुद्र बघायचाय, चांगला पोटभर बघायचाय, आणि तोही तुझ्याबरोबर. चुलतभावाच्या गळ्यात बेकरी मारून ती निघाली.

साथ काही लवकर हटेना. म्हणजे रोज सकाळी काउंटर आला, आणि रोज तोच प्रश्न आला.

“किती?”

“एकही नाही.”

“मॅडम, आज तरी—”

“मॅडम नका म्हणू हो. शाळेत असल्यासारखं वाटतं.”

“मग ताई म्हणू?”

यावर खरं तर ‘म्हणा की’ म्हणायचं असतं. तिने कप उचलला, परत ठेवला... आणि म्हणाली, “ताई नको.”

“बरं,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “मग बिनसाखर म्हणतो.”

तेच नाव पडलं. त्याला प्रवाशांबरोबर बसायची परवानगी नव्हती, पण पुसायची होती. दुपारी ती वरच्या डेकवर, छताखालच्या बाकावर पुस्तक घेऊन बसली की हा फडकं घेऊन यायचा आणि तिच्या शेजारचा कठडा पुसत राहायचा. पावसाचे तुषार आत येऊन कठडा पुन्हा ओला करायचे, तेव्हा कामाला तोटा नव्हता.

“माणूस कोणती पुडी मागतो, त्यावरून ओळखू येतो,” तो एकदा पुसता पुसता म्हणाला. “गुलाबीवाले केकचे दोन तुकडे खाऊन मग गुलाबी मागतात. हिरवीवाले ती झाडाच्या पानापासून करतात हे तुम्हाला सांगितल्याशिवाय जात नाहीत. तपकिरीवाल्यांना वाटतं, आपण पांढरीवाल्यांपेक्षा शहाणे.”

“आणि काहीच न मागणारे?”

फडकं थांबलं. “त्यांचं अजून कळलं नाही,” तो म्हणाला. “बघतोय.”

ती हसली. अगदी मोकळं, आवाज करून हसली आणि स्वतःच दचकली. पलीकडे खुर्चीत पाय पसरून बसलेल्या बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, “हे जहाज फार स्वच्छ ठेवतात हो. एकच कठडा तासभर पुसतात!”

बाबांची आणि त्याची वेगळीच गट्टी जमली होती. सकाळची आपली कॉफी बाबा आता स्वतःच आणायचे, आणि ती दुपारी जरा आडवी झाली की परत एकटेच काउंटरवर जाऊन बसायचे. परत यायचे ते खुशीत. कॉफीची बशी तशीच हातात, बशीत निळी पुडी. ती पुडी बघून तिच्या जिवात जीव यायचा. परक्या माणसावर आपण एवढं सोपवलं, आणि तो ते सांभाळतोय! रात्री केबिनमध्ये दिवा मालवल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ते एक डोळा जास्त मिटणारं हसू यायचं. आपण प्रेमात पडलोय, हे तिने अंधारात, मनातल्या मनात, एकदा कबूलही करून टाकलं.

मग साथ संपली. सकाळी जेवणघरात आली तर टेबलांवर भांडी परत जागच्या जागी. तिला चक्क वाईट वाटलं. आता काउंटरवर जायचं, तर निमित्त काय सांगायचं?

बाबा खिडकीपाशी बसले होते. वाढप्याने दोन कप आणून ठेवले. तिने भांड्यातली निळी पुडी फाडली, बाबांच्या कपात घातली, ढवळली, रिकामा कागद बशीत ठेवला.

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “शी! आज हे असं काय लागतंय?”

“असं म्हणजे? तीच तर निळी पुडी आहे. रोज पिता ना?”

बाबांनी कप खाली ठेवला. तिच्याकडे बघायचं टाळून ते खिडकीबाहेर बघू लागले. बस, तेवढं पुरलं. ती बेकरीवाल्याची मुलगी होती.

काउंटरवर गर्दी नव्हती. तिला येताना बघून त्याचा चेहरा उजळला.

“तुम्ही बाबांना साखर देत होतात?”

उजळलेला चेहरा हळूहळू विझला. “हो.”

“निळा कागद बशीत ठेवून?”

“हो.”

“किती?”

“मागतील तितकी,” तो खाली बघत म्हणाला.

पुढे ती काय काय बोलली, ते तिलाही नंतर नीट आठवलं नाही. आजारी माणसाच्या जिवाशी खेळलात, आणि त्यातून रोज माझ्या तोंडाकडे बघून हसत होतात, लाज नाही वाटली? आजूबाजूची माणसं वळून बघत होती. त्याने एकदा ओठ उघडले, पण मिटून घेतले. तो काहीतरी बोलेल, निदान एखादी खोटी सबब तरी सांगेल, म्हणून ती थांबली... मग तशीच तणतणत मॅनेजरकडे गेली आणि तक्रार करून आली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक अनोळखी मुलगी होती.

“तो कुठंय?” बाबांनी विचारलं.

“मी तक्रार केली त्याची.”

बाबा कप बाजूला सारून उठले. म्हणाले, “चल, जरा वर जाऊ.” वर वारा होता, पाऊस नव्हता. त्याच बाकावर बसून त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचे तसा.

“निघायच्या आधी मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो होतो. आठवतंय?”

“चष्म्याचं काम आहे म्हणाला होतात...”

“चष्म्याचं नव्हतं ते. पोटात गाठ आहे, पोरी. पसरलीये. डॉक्टर म्हणाले, आता पथ्याचं मनावर घेऊ नका, काय आवडतं ते खा.” ते थोडं हसले. “आता मला आवडतं काय, हे तुला वेगळं सांगायला नको.”

समुद्र, बाक, कठडा, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी पायाखाली काही नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझ्याकडे साखर मागितली असती, तर कारण सांगावं लागलं असतं. मग तू समुद्र बघितला असतास का? माझ्याकडेच बघत बसली असतीस. मला तुला एकदा हसताना बघायचं होतं.” बाबांनी तिचा हात थोपटला. “कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून त्याला सांगितलं. तो तयार नव्हता. म्हणाला, काका, त्यांना फसवायचं माझ्या जिवावर येतं. मी गळ घातली, वचन घेतलं. त्याची काही चूक नाही गं.”

ती मॅनेजरकडे धावली. चूक माझी झाली, तक्रार मागे घेते, असं परत परत सांगितलं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. पण पाहुण्याच्या पथ्याच्या बाबतीत खोटेपणा म्हणजे इथे माफी नाही, म्हणाला. वरून निर्णय आला होता. उद्या सकाळी बंदर लागलं की त्याने उतरायचं, कायमचं.

सकाळी जहाज बंदराला लागलं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उतरायच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. कर्मचाऱ्यांच्या दारातून तो आला. गणवेश नव्हता, पाठीवर एक मोठी पिशवी होती. साध्या शर्टात तो किती तरुण दिसत होता, आणि किती दमलेला.

“काही शिव्या राहिल्या असतील तर देऊन टाका,” तो म्हणाला. “जहाज लवकर सुटतं.”

तिला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

“बाबांनी सांगितलं मला,” ती म्हणाली. “सगळं.”

त्याने खोल श्वास घेतला. “बरं झालं. जड झालं होतं फार.”

“मी एवढं बोलले... तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. एका वाक्याचं काम होतं.”

“एका वाक्याचंच होतं,” तो म्हणाला. “पण तुम्ही नुकत्याच हसायला लागला होतात. ते माझ्या बोलण्याने बंद व्हावं, असं नाही वाटलं. काकांचं वचन होतंच, पण... त्यात माझाही थोडा स्वार्थ होता.”

खाली धक्क्यावर कुणीतरी शिटी मारून त्याला हाक मारत होतं.

“माझ्यामुळे तुमची नोकरी गेली.”

“दुसरी मिळेल. वेळ लागेल, पण मिळेल. आईला सांगेन, सुट्टी मिळाली.” त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “खरं तर त्या दिवशी कठडा पुसतानाच उत्तर सापडलं होतं. काहीच न मागणाऱ्यांचं.”

“काय?”

“ते दुसऱ्याचंच आयुष्य जगत असतात. त्यांना कुणीतरी रोज विचारायला हवं.”

“मग विचारा ना,” तिचा आवाज फुटला. “रोज विचारा. मला तुम्ही आवडता हो... आणि हे मी आज सांगतेय, तुम्हाला उतरवल्यावर!”

त्याने हात पुढे केला. तिने या वेळी चटका बसल्यासारखा मागे घेतला नाही. त्याच्या तळव्याला अजून कॉफीचा वास होता. बेकरीचा पत्ता तिने त्याच्या मुठीत कोंबला.

“याल?”

“वचन नाही देत,” तो म्हणाला. “मागच्याचं काय झालं, बघितलंत ना.”

“वचन नकोच. नुसते या.”

त्याचा एक डोळा जरा जास्त मिटला. पण या वेळी ते हसणं नव्हतं. मग तो वळला आणि जिना उतरून गेला.

जेवणघरात बाबा खिडकीपाशी बसले होते. तिथून धक्का दिसत होता. माणसांच्या घोळक्यात एक मोठी पिशवी जात जात लहान झाली आणि एका गोदामामागे दिसेनाशी झाली.

“गेला?” बाबांनी विचारलं.

“गेला.”

समोर दोन कप होते. तिने मधलं भांडं जवळ ओढलं. तिची बोटं सवयीने निळ्या पुडीवर गेली, थांबली, आणि पांढरीकडे वळली.

“किती?” तिने विचारलं.

बाबांनी चमकून वर बघितलं.

“दोन,” ते म्हणाले.

तिने दोन पुड्या फाडल्या, त्यांच्या कपात घातल्या, साखर विरघळेपर्यंत ढवळत राहिली. मग तिसरी फाडली आणि आपल्या कपात रिकामी केली. बशीत तिन्ही पांढरे कागद उघडे पडले होते. तिने घोट घेतला, कितीतरी वर्षांनी तिच्या जिभेला साखर लागली, आणि तिला इतका वेळ अडवून धरलेलं रडू कोसळलं. बाबांनी तिचा कप हळूच तिच्याकडे सरकवला.

“पी,” ते म्हणाले. “गार होईल.”