दहापैकी चार शब्द

शिरटोपाला ओरखडा नव्हता. कपाळावर टेंगूळ नव्हतं, रक्ताचा थेंब नव्हता. तरीही मैदानातून चालत आलेल्या दुर्वाताईनं जे विचारलं, ते ऐकून अकरा वर्षांच्या चिनूच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"चिने, मोत्याला भाकरी घातलीस का गं?"

मोत्या कुत्रा मरून दोन वर्षं झाली होती. परसात त्याला पुरताना माती लोटली होती ती दुर्वानंच.

साल होतं २०५८. आशियातल्या सहा देशांच्या महिला संघांची रग्बी स्पर्धा कोल्हापूरजवळच्या नव्या मैदानावर चालली होती आणि आज अंतिम सामना होता, भारत विरुद्ध जपान. रग्बी पाहिली नसेल तर एवढंच ध्यानात ठेवा. एका बाजूला पंधरा जणी. चेंडू अंड्याच्या आकाराचा. हातानं तो पुढे फेकायचा नाही, काखेत धरून पुढे पळायचं. पळणारीला समोरचीनं धरून पाडायचं, त्याला म्हणतात टॅकल. गडहिंग्लजच्या एकोणीस वर्षांच्या दुर्वा चौगुलेनं जपानच्या धिप्पाड मुलीला टॅकल केलं, तेव्हा तिचं डोकं त्या मुलीच्या मांडीवर आदळलं. दोन क्षण ती तशीच पडून राहिली. मग उठली. लगेच पंचवीस हजार माणसं ओरडली, "उठली रे उठली, वाघीण उठली!"

ओरडायला काय जातं? डोकं दुसऱ्याचं.

नियम असा होता की डोक्याला मार लागला की खेळाडूनं बारा मिनिटं तपासणीच्या खोलीत यायचं. सोबत घरचं एक माणूस चालतं. बाबा तालमीतले पैलवान, पण लेक पडताच त्यांचे पाय असे गळाले की पायऱ्या उतरवेनात. "तू हो पुढं, चिने. मी आलोच." चिनू पिशवी छातीशी धरून धावत सुटली.

खोलीत धन्वा नावाचा यंत्रमानव होता. डोक्याच्या जागी दोन कॅमेरे आणि आवाज गुरुजींसारखा संथ. त्यानं दुर्वाला दहा शब्द वाचून दाखवले. विहीर, कात्री, ढग, पणती असे साधेच. थोड्या वेळानं आठवतील तेवढे सांगायला लावले. दुर्वाला चार आठवले.

"सामन्यांआधीच्या आधारचाचणीतही चारच," धन्वा म्हणाला. आधारचाचणी म्हणजे खेळाडू ठणठणीत असताना घेतलेली चाचणी. "फरक शून्य. खेळायला हरकत नाही. मात्र बारा मिनिटं पुरी होईतो उठायचं नाही. आत्ता सहा झाली आहेत."

आधारचाचणीतला तो आकडा खोटा होता, आणि हे या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं.

या खेळात एक गुपचूप चालत आलेली रीत होती. थोरल्या मुली नव्या मुलींना शिकवायच्या, 'पहिल्या चाचणीत ढ व्हा. म्हणजे पुढं मार लागून ढ झालात तरी यंत्राला फरक दिसणार नाही, आणि बाहेर बसावं लागणार नाही.' महिन्यापूर्वी दुर्वा घरी आरशासमोर चुकायचा सराव करत होती. चिनूनं पाहिलं. दुर्वानं तिला गळ्याची शपथ घातली.

दुर्वा बाकावर डोळे मिटून बसली होती. चिनू धन्वाजवळ सरकली.

"टोपी तर धड आहे. मग तपासतोस कशाला?"

"पिशवीत काय आहे?"

"खरवस. ताईसाठी."

"डबा उघड."

चिनूनं झाकण काढलं. सकाळी आईनं अख्खी वडी ठेवली होती. आता पाण्यात तुकडे तरंगत होते.

"डब्याला पोचा आला आहे?"

"नाही."

"मग खरवस कसा मोडला?" धन्वानं विचारलं, आणि उत्तर स्वतःच दिलं. "तू धावत आलीस आणि एकदम थांबलीस. डबा थांबला, आतला खरवस थांबला नाही. तो डब्याच्या भिंतीवर आदळला. कवटी म्हणजे डबा. मेंदू जवळपास असाच मऊ. त्याच्याभोवती मस्तिष्कद्रव (मेंदूला तरंगत ठेवणारं पाण्यासारखं द्रव) असतं. ते बारीकसारीक धक्के झेलतं, मोठे झेलता येत नाहीत. टोपी कातडी वाचवते. आत हलणाऱ्या मेंदूला ती बाहेरून कशी धरून ठेवणार?"

"म्हणजे मेंदू असा मोडतो?" चिनूला त्या तुकड्यांकडे बघवेना.

"बहुधा मोडत नाही. ताणला जातो, पिळला जातो. त्यात अब्जावधी चेतातंतू (निरोप नेणारे अतिबारीक धागे) असतात. ते ताणले गेले की निरोप चुकतात. माणूस जुन्या गोष्टी आजच्या समजतो, त्याचा तोल जातो, उजेड सोसत नाही. याला कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) म्हणतात. विश्रांती मिळाली तर बहुतेक जण बरे होतात."

"आणि नाही मिळाली तर?"

लहान पोरीला असलं कसं सांगावं, हे धन्वाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं सरळ सांगितलं. "बरं होण्याआधी दुसरा धक्का बसला, तर क्वचित मेंदू झपाट्यानं सुजतो. कवटी हाडाची. सूज जाणार कुठे? माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो."

दहावं मिनिट लागलं होतं. दार ढकलून प्रशिक्षक आत डोकावले. "झालं का? पंधरा मिनिटांचा खेळ उरलाय आणि दोनच गुणांनी मागं आहोत. सोडा पोरीला!"

दुर्वा उठली. उठताना तिनं भिंत धरली. ते फक्त चिनूनं पाहिलं.

"तिचे चार खोटे आहेत!" चिनू किंचाळली. "ती मुद्दाम चुकली होती पहिल्या वेळी!"

"चिने!" दुर्वाचा चेहरा लालबुंद झाला. "शपथ घातली होती ना तुला? आत्ता बोलायचं सुचलं? आयुष्यात एकदा मिळतो असा सामना, एकदा!"

"मोत्या मेलाय, ताई!"

"काय?"

"मोत्या. मेलाय. तूच पुरलंस त्याला. आणि मघाशी मला विचारलंस, भाकरी घातलीस का."

दुर्वाचा आवाज एकदम लहान झाला. "मी? कधी विचारलं?"

बाहेर ढोल घुमत होते.

"मला खोटं ओळखता येत नाही," धन्वा म्हणाला. "मी फक्त वजाबाकी करतो. आधीचा आकडा खोटा असेल तर माझं उत्तरही खोटं. दुर्वा, खरा आकडा किती?"

"ए पोरी, लहान बहिणीचं काय ऐकतेस!" प्रशिक्षक ओरडले. "रग दाखव!"

दुर्वानं त्यांच्याकडे पाहिलं, मग चिनूकडे. दुर्वा मटकन खाली बसली.

"दहा," ती म्हणाली. "घरी दहाच्या दहा यायचे मला."

"दहातून चार गेले, सहा उरले," धन्वा म्हणाला. "खेळ बंद."

भारत त्या दोन गुणांनीच हरला. बाहेर पडताना गर्दीतून कुणीतरी "घाबरट!" म्हणून हिणवलं. दुर्वा चिनूशी अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी तिला तीनदा उलटी झाली. दवाखान्यात मेंदूचं चित्र काढलं, सूज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पूर्ण विश्रांती, आणि आपण सांगेपर्यंत मैदान बंद. मग बाबांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "अजून एक टॅकल झालं असतं, तर मी हे इतक्या निवांतपणे सांगत नसते." बाबांनी चिनूचं डोकं कुरवाळलं.

दुसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून दुर्वानं चिनूकडून एक कागद लिहून घेतला. काय केलं, का केलं, काय होऊ शकलं असतं, सगळं. खाली सही केली आणि तो सहाही संघांकडे धाडला. संघातल्या दोघी-तिघींनी तिच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी, संघ मायदेशी परतण्याआधी, दुर्वा चिनूला घेऊन फेरतपासणीला आली, तर तपासणीच्या खोलीबाहेर रांग लागली होती. सर्वांत पुढं जपानची ती धिप्पाड मुलगी. तिनं चिनूला आधी तीन बोटं दाखवली, नाही म्हणून मान हलवली, मग दहाही बोटं पसरली. मागं श्रीलंकेच्या, कझाकस्तानच्या, भारताच्याही मुली. सगळ्यांना आधारचाचणी पुन्हा द्यायची होती, खरी.

चिनूनं मोजल्या. सत्तावीस.

"अगं बाई," दुर्वा कपाळ धरून हसली, आणि डोकं ठणकलं म्हणून लगेच थांबली. "एवढ्या ढ पोरी एका रांगेत कधी बघितल्या होत्यास?"

"धन्वा, रक्ताच्या एका थेंबावरून हादरा पक्का ओळखेल असं यंत्र नाही का करता येणार?" चिनूनं विचारलं.

"काम चालू आहे. तू मोठी होईपर्यंत अर्धं उरलं असेल, ते तू पुरं कर," धन्वा म्हणाला. "तोवर मला खरं सांगणारी माणसं लागतील. चला, पहिली कोण?"