चार नंबरचा वॉल

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मृण्मयी टिळेचा फोन वाजला.

"मॅडम, लवकर या. लोक मला सोडंनात." पलीकडे पुंजा होता. मागे आरडाओरडा ऐकू येत होता. "चावी पण हिसकून घेतली."

मृण्मयी पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता. पुंजा गावित तिच्या हाताखालचा वॉलमन, मूळचा पेठ तालुक्यातला. सातपूरजवळच्या सहजीवन कॉलनीतले सगळे वॉल रोज तोच उघडायचा आणि बंद करायचा.

ती पोचली तेव्हा चार नंबर गल्लीच्या तोंडाशी वीसेक माणसं त्याला घेरून उभी होती. सगळ्यांत पुढे होता रहिवासी संघाचा सचिव गौरांग. पुंजाची लांब लोखंडी चावी त्याच्या हातात होती.

"आठवडा उलटला, मॅडम. बाकीच्या गल्ल्यांना पाणी येतं, आम्हालाच नाही. याच्या मनात आलं की हा वॉल बंद करतो."

"तो असं का करील?"

"मागच्या महिन्यात मी याला उशिरा येतो म्हणून झापलं होतं. त्याचा सूड. शुक्रवारी प्रभाग समितीची बैठक आहे. याला कामावरून काढल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही."

मृण्मयीनं चावी घेतली आणि पुंजाला बाजूला नेलं.

"खरं सांग. वॉल तू बंद केलास?"

"नाय मॅडम. मी पावणेपाचला उघडून पुढं दोन नंबरच्या टाकीकडं जातो. सहाला पाणी सुटतं. तेवढ्यात कोणी तरी बंद करतं."

"चावी कुणाला देतोस?"

"कोणाला नाय. रात्री उशाला ठेवतो."

"ऑफिसातली दुसरी?"

"ती कपाटात हाय. काल तुम्हीच तर बघितली."

ते खरं होतं. म्हणजे तिसरी चावी कुठेतरी होती.

ती रस्त्यातल्या वॉलच्या चेंबरमध्ये वाकली. वॉल बंद होता. किती घट्ट आहे ते पाहायला तिनं आधी आवळून बघितला. चावी पाव फेरा फिरली, मग अडली.

"तू बंद करताना एवढा सैल सोडतोस?"

"नाय. मी पूर्ण आवळतो. जोर लावून."

मृण्मयीनं वॉल पूर्ण उघडला. पण पाण्याची वेळ संपत आली होती. नळांना फक्त वारा आला. लोक आणखी चिडले.

गल्लीत चालत ती एकेक घर बघत निघाली. तीन नंबरचं घर गौरांगचं. दारासमोरचे पेव्हर ब्लॉक बाकी गल्लीपेक्षा लालभडक, नवे. पायरीवर पाण्याचा भरलेला जार होता आणि दाराच्या कडीला जारवाल्याचं कार्ड अडकवलेलं. चार तारखेपासून रोज एक खूण. खुर्चीवर गौरांगचे वडील बसले होते. ढुंढिराजकाका. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं पाण्याच्या लाइनीवर काम करून निवृत्त झालेले.

"बसा. चहा घ्या," ते म्हणाले. "मला उठवत नाही लवकर. गुडघे गेलेत. गौरांगनं माझ्यासाठी खाली नवीन बाथरूम बांधलं बघा. जिना चढायला नको म्हणून."

"चांगलं केलं. कधी झालं?"

"याच महिन्यात. पहिल्या आठवड्यात." त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. "वॉल उघडलात का तुम्ही?"

"हो."

"जाम नव्हता ना झालेला? गच्च आवळून ठेवला की जाम होतो तो."

"नव्हता."

"मग उद्या पाणी येईल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

त्या रात्री गौरांगनं पहारा लावला. पहाटेपर्यंत चार-चार जण चेंबरपाशी बसून राहिले. बुधवारी पाणी आलं. गुरुवारीही आलं. पहिल्या दिवशी जरा गढूळ होतं. लाइन बरेच दिवस बंद होती, असं होणारच, म्हणून लोकांनी भांडी भरून घेतली.

"बघितलंत?" गौरांगचा फोन आला. "पहारा बसला आणि पाणी सुरू. आता वेगळा पुरावा कशाला हवा?"

मृण्मयीनं फोन ठेवला. पुंजाला कामावरून काढण्याचा प्रस्ताव टाइप होऊन तयार होता. तरी काहीतरी बोचत होतं. सूड घ्यायचा तर चोरून कशाला? आणि पाव फेरा सैल कशासाठी?

शुक्रवारी सकाळी पुन्हा फोन आला. या वेळी मीना नावाच्या बाईंचा. त्या याच गल्लीत पाच नंबरच्या घरात राहायच्या.

"मॅडम, माझ्या सईला रात्रीपासून उलट्या-जुलाब आहेत. दवाखान्यात सलाईन लावलंय. शेजारचे दोघं पण तसेच. पाणी तपासा हो!"

मृण्मयी क्लोरीन तपासायची बाटली घेऊन धावली. पाणी चालू असतानाच तिनं घरोघर नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले; क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. एक नंबर. पिवळं. दोन नंबर. पिवळं. चार नंबर. रंगच नाही. पाच नंबर. नाही. शेवटपर्यंत नाही.

तीन नंबरला कुलूप होतं.

"पुंजा, वॉल बंद कर. आत्ता! लोकांना सांग, साठवलेलं पाणी ओतून टाका. टँकर मागव."

मग ती ऑफिसात गेली आणि तिनं तक्रारींची वही उघडली. पाच, सहा आणि सात तारीख. तिन्ही दिवस चार नंबर गल्लीतून एकच तक्रार: पाण्याला वास येतो. आठला रविवार, वही कोरी. नऊ तारखेपासून तक्रार बदललेली: पाणीच येत नाही.

तिनं वही बैठकीसाठी पिशवीत टाकली.

दुपारी चार वाजता प्रभाग समितीची बैठक सुरू झाली. सभागृह भरलेलं. पुंजा भिंतीला टेकून उभा होता. मागच्या रांगेत काठी घेऊन ढुंढिराजकाका बसले होते. सभापती कुसुमताईंनी गौरांगला बोलायला सांगितलं.

"आधी यानं पाणी तोडलं, आता घाण पाणी सोडलं," गौरांग म्हणाला. "एक लहान मुलगी दवाखान्यात आहे. याला आजच्या आज काढा."

टाळ्या पडल्या. मृण्मयी उठली.

"मला दोन प्रश्न विचारायचेत. गौरांगभाऊ, तुमच्याकडे जारचं पाणी कधीपासून येतं?"

"पाणी बंद झाल्यापासून. सगळ्यांकडेच येतं."

"पाणी नऊ तारखेला बंद झालं. तुमच्या दारावरच्या कार्डावर पहिली खूण चार तारखेची आहे. नळाला पाणी असताना जार कशाला?"

"वडिलांच्या तब्येतीसाठी."

"तुमच्या नव्या बाथरूमचं सांडपाणी कुठे सोडलंय?"

"ते इथे कशाला?"

"कारण घाण तुमच्या दारात मिसळतेय." ती सभापतींकडे वळली. "ताई, पाइप गल्लीच्या तोंडापासून आत जातो. एक आणि दोन नंबरचं पाणी शुद्ध आहे. चार नंबरच्या घरापासून पुढे दूषित. बिघाड मधेच आहे, तीन नंबरसमोर. तिथे याच महिन्यात रस्ता खणला गेला, सांडपाण्याची लाइन टाकली आणि वर नवे ब्लॉक बसवले. खणताना पाण्याचा पाइप फुटला. पाणी थांबलं की घाण त्यात उतरते. पाच ते सात तारखेपर्यंत वासाच्या तक्रारी आहेत. यांना मात्र चार तारखेलाच माहीत होतं."

"कशावरून?" गौरांग ओरडला. "आणि मग वॉल कोण बंद करत होतं? मी?"

"नाही. तुम्हाला वाटत होतं की पुंजाच करतोय. तुमच्या सोयीचं होतं ते, लोकांचं लक्ष तुमच्या दारासमोरच्या पाइपाकडे गेलं नाही. वॉल अशा माणसानं बंद केला, ज्याला पाणी विषारी आहे हे ठाऊक होतं. जो या कामात मुरलेला आहे. वॉल जाम होऊ नये म्हणून बंद केल्यावर तो पाव फेरा सैल सोडतो. पुंजा तसं करत नाही. पहारा बसला आणि त्या माणसाला चेंबरपाशी जाता येईना. म्हणून पाणी आलं. म्हणून लोक आजारी पडले."

तिनं नाव घेतलं नाही. सभागृहात कुजबुज वाढली. मागे काठी आपटल्याचा आवाज झाला.

"चावी माझ्या पलंगाखाली आहे," ढुंढिराजकाका उभे राहून म्हणाले. "कारखान्यात असताना मीच बनवलेली."

"बाबा, बसा!"

"तू बस." काका मुलाकडे वळले. "मजुरांनी तुला सांगितलं होतं, पाइप फुटलाय. तू त्याला सायकलची ट्यूब गुंडाळायला लावलीस आणि वर ब्लॉक टाकलेस. मी हातापाया पडलो, ऑफिसात कळव म्हणून. तू म्हणालास, दुसऱ्यांच्या अनधिकृत बांधकामांच्या तक्रारी मीच करतो, आता माझंच उघडं पडलं तर तोंड कुठे दाखवू?"

गौरांग खाली बघत होता.

"ते बाथरूम माझ्यासाठी बांधलं होतं त्यानं. म्हणून माझी जीभ उचलेना. रोज पहाटे फिरायला जातो म्हणून तीस पावलं कसाबसा जायचो आणि वॉल बंद करायचो. वाटलं, त्याला आज ना उद्या अक्कल येईल. तोवर निदान कोणी आजारी पडणार नाही. पहारा बसला, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. दोन दिवस गप्प बसलो."

मीनाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या.

कुसुमताईंनी पुंजाविरुद्धचा प्रस्ताव बाजूला सारला. रस्ता त्याच संध्याकाळी खणायचा आणि गौरांगविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरलं. साडेसहाला तीन नंबरसमोरचे ब्लॉक निघाले. फुटलेल्या पाइपला सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली होती. सांडपाण्याचा सांधा तिच्यावरच ठिबकत होता. गौरांग कडेला उभा होता.

सईचं सलाईन निघालं, ती पेज मागतेय, असा दवाखान्यातून निरोप आला. तेव्हा कुठे मृण्मयी पायरीवर टेकली.

पुंजा ढुंढिराजकाकांसमोर जाऊन उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"लोकांनी माझी गचांडी धरली, ते तुम्ही खुर्चीवरून बघत व्हते," पुंजा म्हणाला.

"हो."

"मला नुसतं सांगायचं, काका. वॉल मीच बंद ठेवला असता."

काकांनी हात जोडले. पुंजानं ते धरून खाली केले आणि पाइप बदलणाऱ्यांना हात द्यायला तो खड्ड्यात उतरला.