चिठ्ठीवरचं नाव

‘माझ्या बहिणीच्या अंगाला सदैव कांद्याचा आणि चरबीचा वास येतो. तिनं आयुष्यात कधी स्वप्नच पाहिलं नाही...’

सुरुवातच ही! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्या उभ्या मार्टा निएमीनं ते वाचलं. सकाळचे दहा वाजले होते, अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरून येणारं जानेवारीचं बर्फ खिडकीवर आपटत होतं, आणि दुपारी एकला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी सहाला, ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज बंद होणार होते. तिच्या धाकट्या बहिणीला, सतरा वर्षांच्या टेसाला, स्कॉटलंडला जाऊन भूशास्त्र शिकायचं होतं. त्यासाठी मार्टा दोन वर्षं पास्टीच्या दुकानात दुप्पट राबत होती, मांस-बटाटा भरलेल्या त्या भल्यामोठ्या करंज्या लाटून लाटून तिचे खांदे निकामी व्हायला आले होते... आणि अर्जात काय, तर तिचा वास!

पुढे आई होती. न्हाणीघराच्या फरशीवर, स्वतःच्याच ओकारीत पडलेली, दारूनं संपवलेली आई... ‘ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही,’ असं टेसानं लिहिलं होतं. अगं, तू ते पाहिलंस कधी? तू तर तेव्हा एक वर्षाची, पाळण्यात झोपलेली! गावच्या कुजबुजीतून कानावर आलेलं, एवढंच! ती फरशी विसाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून पुसली होती मार्टानं, आणि आईची लाज झाकण्यासाठी जन्मभर तोंडाला कुलूप लावलं होतं.

“टेसा! इकडे ये आधी.”

टेसा टोस्ट चावत आली, कागद पाहिला आणि जागीच थबकली.

“तू... तू वाचलंस?”

“प्रिंटरवर पडला होता. हे कुणी शिकवलं तुला?”

“हॉल्वर्सन सरांनी,” शाळेत अर्जांचं मार्गदर्शन करणाऱ्या गुरुजींचं नाव घेत टेसा पुटपुटली. “ते म्हणाले, वाचणाऱ्याचं आतडं पिळवटलं पाहिजे. अजून खोल जा, अजून दुःख काढ. सगळेच लिहितात गं! माझ्या वर्गातल्या ब्रूकनं तर निबंधात आजीला मारलं, आणि आजी काल दुकानात तुझ्याकडूनच पास्टी घेऊन गेली.”

“शी! शी, टेसा!” मार्टानं कागद असा भिरकावला, जणू हाताला काही घाण लागली होती. “किळस येते मला! त्या हॉल्वर्सनची येते, असल्या आसवांवर जागा वाटणाऱ्यांची येते, आणि... देवा, आज तुझीसुद्धा येते! मेलेल्या आईला फरशीवरून उचलून बाजारात मांडलंस? आणि माझ्या अंगाच्या वासावर परदेशी जाणार तू?”

टेसा रडायला लागली. मार्टाला वाटलं, निघून जावं, दार आपटून सरळ दुकान गाठावं, जाऊ दे तो अर्ज खड्ड्यात... पण भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते, आणि पोरीचं आयुष्य पावणेतीन तासांवर येऊन ठेपलं होतं. तिनं ओट्याच्या कडेला धरून दीर्घ श्वास घेतला आणि फ्रिजवर चिकटवलेला सूचनांचा कागद ओढून काढला.

“हा वाचलास का कधी? तिकडच्यांना तुझं रडगाणं नकोच आहे. हा विषय का, त्यासाठी काय शिकलीस, शाळेबाहेर काय केलंस, एवढंच विचारलंय. आणि तू भूशास्त्राच्या अर्जात एक दगड घातला नाहीस, शहाणे!”

“इकडच्या कॉलेजांसाठी लिहिलेलाच... तोच तिकडे टाकणार होते.”

“उत्तम! आता डोळे पूस आणि बस.”

मार्टानं कपाटावरची जुनी पत्र्याची पेटी खाली काढली. आत सरोवराच्या काठी सापडलेले अकीक दगड होते, लाल-केशरी पट्ट्यांचे, आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव, टेसा निएमी.

“हे लिही. हा संग्रह, ही पट्ट्यांची घडण, लाव्हा कसा थंड झाला, सगळं तुला तोंडपाठ आहे. आणि मला काढ त्यातून. नावसुद्धा नको माझं.”

टेसा मुकाट्यानं टंकू लागली. मार्टा पाठ फिरवून भांडी घासत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी त्या साबणाच्या पाण्यात कुणाला न दिसता मिसळत राहिलं. बारा वाजले. साडेबारा वाजले... आणि एकाएकी कळफलकाची टकटक थांबली.

“मार्टा, ही तारीख...” टेसाचा आवाज बदलला होता. “हा अकीक मला सापडला, असं लिहिलंय. पण तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते! आणि हा? हाही नाही... हे कुणाचे दगड आहेत?”

मार्टा घासलेलंच ताट पुन्हा घासू लागली.

“तू तर म्हणायचीस, कॉलेजात तुला कंटाळा आला, म्हणून सोडलंस. काय शिकत होतीस तू तिथे?”

“...हेच.”

“मार्टा!”

“तू सात वर्षांची होतीस. यातले माझे कुठले, म्हणून रडलीस. माझ्या तरी काय उपयोगाचे राहिले होते? सगळ्या चिठ्ठ्यांवर तुझं नाव घातलं.”

“मग तारखा का नाही बदलल्यास?”

“तारीख कशी बदलणार?” मार्टा एकदम उसळली. “तारीख आणि जागा खोटी लिहिली, की त्या दगडाला काही अर्थच उरत नाही, वेडे!”

टेसा तिच्या गळ्यात पडली, हुंदके देत तिच्या त्या कांद्याच्या वासाच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, “मला माझीच शिसारी येते गं... स्वप्न पाहिलं नाही, असं लिहिलं मी! तू तर तुझं आख्खं स्वप्न माझ्या नावावर करून बसलीस!”

“पुरे. घड्याळ बघ. पाठव.”

पण टेसानं पाठवण्याआधी एक वाक्य बदललं. मार्टानं वाचलं आणि ती हादरली: ‘हा संग्रह माझा नाही; तो माझ्या बहिणीनं, मार्टा निएमीनं, गोळा केला आहे, आणि दगड वाचायला मी तिच्याकडून शिकले.’

“खोड ते! दुसऱ्याचा संग्रह घेऊन आलेल्या मुलीला कोण घेईल? जागा जाईल, टेसा!”

“जाऊ दे. खोटं लिहून मिळालेली जागा मला पचणार नाही.”

एकला चार मिनिटं असताना तिनं कळ दाबली. त्यानंतर ती पेन घेऊन बसली, एकेका चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव खोडून तिथे बहिणीचं लिहीत गेली, आणि मार्टानं या खेपेला तिला अडवलं नाही.

मार्चमध्ये होकार आला. सप्टेंबरात टेसा गेली, आणि घर इतकं रिकामं झालं की मार्टा रविवारीही दुकानात जाऊ लागली.

ऑक्टोबरात एक छोटं पुडकं आलं. उघडण्याआधी मार्टानं साबण लावून दोनदा हात धुतले. आत एक काळा, ओबडधोबड खडा होता, दिसायला अगदीच सामान्य, आणि खाली चिठ्ठी: स्कॉटलंडच्या कुठल्याशा किनाऱ्याचं नाव, गेल्या शनिवारची तारीख, आणि ‘शोधणारी: टेसा निएमी’.

मार्टानं ती तारीख दोनदा वाचली. मग पेटी खाली काढून तो खडा आपल्या अकीकांशेजारी ठेवला, आणि टेबलाशी बसून ती पोटभर रडली.